सखुबाईच्या अंगातलं मीठ

आहेराची ताटं नऊ होती. चार स्टीलची, तीन पितळेची, आणि ताट म्हणून धरलेल्या वेताच्या दोन टोपल्या. त्यांत सहा साड्या, एक शालू, दोन पॅंटपीस, जावयाची टोपी, एक पायली तांदूळ, तेलाची वाटी, हळदीची वाटी आणि अकरा नारळ. नारळ मानपाड्याहून निघताना बारा होते. समृद्धीने दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा अकराच भरले. तिच्या आईने, कल्पिताने, तिला याच कामाला बसवलं होतं, कारण कोपरीच्या बायका आहेर मोजतात आणि पुढची दहा वर्षं बोलून दाखवतात.

ताटांच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर हिरव्या नऊवारीत सखुबाई बसली होती. आधार कार्डाप्रमाणे ती पंच्याण्णव वर्षांची, पण त्या कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे आणि ती कोणी ठरवली हे घरात कुणालाच माहीत नाही. समृद्धी तिची पणती.

हळद होती देवयानीची, म्हणजे नंदाच्या नातीची. नंदा ही सखुबाईची थोरली लेक. लग्न होऊन कोपरीत आली ती कायमची, आता वय सत्त्याहत्तर. या घरात नातीच्या लग्नातही हळद आधी आजीला लागते. आजीच्या माहेरची सगळ्यात मोठी बाई लेकीच्या कपाळाला हळद लावणार, तीच वाटी लेकीकडून सुनेकडे, सुनेकडून नवरीकडे. म्हणून तर कळव्याहून नंदाचा भाऊ बाळाराम आणि त्याची बायको कलावती, मानपाड्याहून धाकटा भाऊ हिराजी, त्याची सून कल्पिता आणि नात समृद्धी, सगळे आज सकाळपासून हजर होते. दोन्ही भावांनी आहेर आणला होता आणि आईला आणलं होतं. तशी ती इथे यायचीच. एक महिना कळवा, एक मानपाडा, एक कोपरी, अशी तिची पाळी होती. या खेपेला ती मानपाड्याहून आली होती आणि गाडीत सगळा वेळ गप्प होती.

"आये, बोट बुडव," नंदा तिच्यासमोर पाटावर बसत म्हणाली.

सखुबाईने बोट बुडवलं. हात नंदाच्या कपाळापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"तू कोनाची गं?"

बायका हसल्या. कलावती मोठ्याने म्हणाली, "तुमचीच लेक, आनखी कोनाची? सकालधरनं तुमचीच वेनी घालतेय ती."

"माजी नाय ही." आवाज स्वच्छ होता, मागच्या रांगेपर्यंत गेला. "ही कॅम्पातल्या बाईची हाय. तिच्या आयेला बोलवा. ती लावंल हलद."

गल्लीत बॅंजोवाले वाजवतच होते. समृद्धीला वाटलं, कुणीतरी काहीतरी बोलेल, निदान मोठे आजोबा तरी. बाळाराम टोपी हातात घेऊन तिच्यात बघत राहिला.

मग नंदाने आईचं मनगट धरलं, ते बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं आणि खाली ओढलं.

"लागली," ती म्हणाली. "वाटी पुढं द्या."

*

आतल्या खोलीत सखुबाईला पलंगावर आडवं केलं होतं. दार लोटलं तरी बॅंजो ऐकू येत होता. नंदा पायाशी बसली होती. कपाळावरची हळद तिने पुसली नव्हती.

"म्हातारीचं वय झालं," बाळाराम म्हणाला. "कायपन बोलतं. ताय, तू मनावर घेऊ नको."

"कायपन बोलत असत्या तर कायपन बोलल्या असत्या," कलावती म्हणाली. "कॅम्पच का बोलल्या?"

"वैनी, आज हळद हाय घरात," हिराजी हळूच म्हणाला.

"मी काय हलद थांबवली? त्यांनी थांबवली. आनि मी नवीन काय बोलते? मी लगीन होऊन आयले तवापास्नं ऐकते, नंदा कशी गोरी, नंदा कशी उंच. तुमी दोघं भाव बघा आरशात."

"तोंड आवर, कलावती."

"आवरते."

नंदाला आत्ता एकच आठवत होतं आणि ते अगदी निरुपयोगी होतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली, तेव्हा आई म्हणाली होती, मिठाचा आगर बंद होता त्या पावसाळ्यातली. मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनच होता. तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पलंगावरून आवाज आला. "दिवे झाका. इमान येतंय."

समृद्धी पुढे सरकली. "कुठलं विमान, आजी?"

"झाका गं पोरी. शिपाय शिट्टी मारतंय."

"एकाहत्तर सालचं," बाळाराम म्हणाला. "काचांना काले कागद लावलेले आमी. मी सोला वर्षांचा होतो."

"गोदीत फुटलं काय तरी. टोपातला भात हालला."

"हे माज्या जल्माच्या आधीचं," बाळाराम म्हणाला. "मुंबईच्या गोदीत जहाज फुटलेलं ना, लढाईत, त्ये. तवा ती कवल्या वयाची असंल, चौदा-पंधराची."

"मोजनीवाले आयले. साखली टाकतात. त्यांना बोला, भात कापू द्या आधी."

"ही आमच्या मानपाड्याची मोजणी," हिराजी म्हणाला. "एमआयडीसी आली तेव्हाची. बाबा बांधावर आडवे झालेले."

समृद्धीला हे विचित्र वाटत होतं. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे बरोबर होतं. विमान खरं, गोदीचा स्फोट खरा, मोजणीही खरी. फक्त ऐंशी वर्षं एकाच वेळी खोलीत आली होती आणि आजीला त्यातलं आजचं कुठलं ते निवडता येत नव्हतं. म्हणजे कॅम्पही खरा धरायचा का? एखादं यंत्र बिघडलंय हे माहीत असताना त्याने दाखवलेले तीन आकडे बरोबर निघाले, तर चौथ्याचं काय करायचं?

सखुबाईची नजर बाळारामवर येऊन थांबली. "ह्यो कोन? ह्यो सायबाचा पोर. ह्याला कोनी आनला इथं?"

कलावती फसकन हसली. "घ्या. आता तुमी पन गेलात."

बाळारामचा चेहरा मात्र उजळला. "बघ ताय! मी पन तिचा नाय. सायबाचा हाय मी. झालं समाधान?"

"तुला साहेबाचा बोलली," नंदा पहिल्यांदा बोलली. "साहेब कोण, ते तिला नाय सांगता येत. आपल्या आगरावर साहेब कधी आलाच नव्हता. पण कॅम्प होता, बाळाराम. उल्हासनगर व्हायच्या आधी तो कॅम्पच होता. फाळणीनंतर सिंधी माणसं तिथं आणून ठेवलेली, मिलिटरीच्या बराकीत. आणि आये तिथं सुकट विकायला जायची. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे."



कल्पिता मांडवात जाऊन डॉक्टर सरोज यांना घेऊन आली. सरोज याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि आज त्या हळदीला आल्या होत्या. त्यांनी सखुबाईची नाडी पाहिली, डोळे पाहिले, जीभ पाहिली.

"असं कधीपासून?"

"आमच्याकडे या आठवड्यात जरा गप्प होत्या," कल्पिता म्हणाली. "मळमळतंय बोलायच्या. जेवण नको. मला वाटलं गरमीमुळे असेल."

"खातात काय?"

"पेज देते. बिनमिठाची. भाजीपण त्यांची वेगळी काढते, मीठ घालायच्या आधी."

"आमच्याकडं पन," कलावतीने लगेच भर घातली, कारण कुणी असं म्हणायला नको की कळव्यात हयगय होते. "बीपीचा डाक्टर बोल्ला मीठ कमी करा. मी कमी कशाला, बंदच केलं. मिठागरात राबलेली बाय. जल्माचं मीठ मुरलंय तिच्या अंगात, आनखी कशाला पायजे?"

"आणि इथे?"

"मी पाणी पाजते," नंदा म्हणाली. "तिला लघवीला जळजळ होती. तेव्हा सांगितलेलं, भरपूर पाणी. मानपाड्याला गेल्यावरही फोनवर बजावलेलं कल्पिताला, दर तासाला पेला द्यायचा."

"दिला मी, आत्या. एकदापण चुकले नाही."

सरोजनी चष्मा काढला. "गोळ्या कुठे आहेत?"

सखुबाईबरोबर एक कापडी पिशवी तिन्ही घरांत फिरायची. त्यातल्या पट्ट्या समृद्धीने पलंगावर ओतल्या आणि एकेक उलटून मागची बारीक अक्षरं वाचू लागली. कळव्याच्या डॉक्टरची एक पट्टी पांढरी होती. डोंबिवलीच्या डॉक्टरची एक निळी होती. तिने दोन्ही शेजारी शेजारी धरल्या.

"या दोन्ही एकच आहेत. नाव वेगळं, आत औषध तेच. लघवीवाटे पाणी काढायची गोळी. म्हणजे आजी रोज दुप्पट घेत होती."

"निळी बीपीची आहे," कल्पिता म्हणाली.

"पांढरीपण बीपीचीच आहे, मम्मी."

"मग मला काय माहीत? आणि मीठ वाईट असतं हे तूच बोललीस ना? कॉलेजातून येऊन लेक्चर दिलेलंस, सोडियम, सोडियम."

समृद्धीने ते दिलं होतं. ती पट्ट्या परत पिशवीत भरू लागली.

"मिठागरात काम केल्याने मीठ अंगात साठत नाही हो," सरोज कलावतीला म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, समजावून सांगत होत्या. "उलट घामातून जातं. तुम्ही कुणी चूक केलेली नाही. प्रत्येकाने सांगितलेलं तेच केलंत, फक्त सगळ्यांनी एकाच बाईवर केलंत. यांच्या रक्तातलं सोडियम आत्ता तपासायला हवं. हळद नवरीला लागली ना? मग गाडी काढा."

*

रुग्णालय ठाण्यातच होतं. सोडियम एकशे तेरा आलं. असायला हवं एकशे पस्तीसच्या वर.

तिथल्या तरुण डॉक्टरने समजावलं आणि समृद्धीने ते घरच्यांसाठी पुन्हा समजावलं. रक्तातलं सोडियम उतरलं की मेंदूच्या पेशी पाणी ओढून घेतात आणि फुगतात. कवटीत फुगायला जागा नसते. म्हणून भ्रम होतो, पुढे झटके येतात, त्याच्यापुढेही जातं. उपाय साधा आहे, मिठाचं पाणी शिरेतून द्यायचं. पण हळू. दिवसाला आठ-दहाच्या वर चढवायचं नाही. घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते.

"म्हणजे मिठाचंच पाणी?" कलावतीने दोनदा विचारलं. "डाक्टर बंद करतात, आनि डाक्टरच शिरेतनं देतात?"

"हो, मोठी आजी."

"वा रे."

व्हरांड्यातल्या बाकावर नंदा, बाळाराम, कलावती आणि कल्पिता बसली होती. हिराजी उभा होता. तो मघापासून काहीतरी जुळवत होता, ते शेवटी म्हणाला.

"मी काय बोलतो, घरी नेऊ. पंच्याण्णव वर्षं झाली. सुया टोचून काय मिळवणार? सरोजबाईंना विचारून घरीच देऊ मीठ. पेजेतनं."

"पेजेतून पुरणार नाही, आजोबा," समृद्धी म्हणाली. "वेळ नाहीये तेवढा."

"तू गप. मी तायशी बोलतो." तो नंदासमोर उकिडवा बसला. लहानपणी चिंचा मागायला बसायचा तसाच. "ताय, समज ती शुद्धीवर आली. समज, तेच बोलली. मग?"

"मग कळेल."

"कळून काय करायचंय तुला? आत्ता आपण बोलू शकतो, म्हातारी भ्रमलेली. हळदीला आलेल्या सगळ्या बायका तेच बोलतील. हे असंच ऱ्हाऊ दे ना. तू आमची ताय. मला तू अंघोळ घातलीस. मला दुसरं काय ऐकायचंच नाय."

"तुला ऐकायचं नाय," नंदा म्हणाली. "म्हणून आयेचं डोकं फुगू द्यायचं?"

हिराजीने मान खाली घातली. बाळाराम त्याच्या बाजूने बोलेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे हिऱ्या. दाखल करू. मना सायबाचा पोर बोल्ली ती. त्ये तरी मागं घेऊ दे तिला."

समृद्धी नंदाच्या शेजारी येऊन बसली. "आत्याआजी, दुसरा मार्ग आहे. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, तुमच्या आणि आजीच्या. लॅबला पाठवायचा. ती शुद्धीवर येवो न येवो, उत्तर मिळेल. खात्रीचं."

"काय उत्तर मिळेल?"

"हो किंवा नाही."

"'नाही' हे उत्तर तर मला आजच मिळालंय." नंदा तिच्याकडे वळली. "नाहीच आलं, तर मी तिच्याकडे कशी आले, ते कापूस सांगेल? कोणी दिली? का दिली? चोरली का मला तिने, की टाकलेली सापडले?"

"ते नाही सांगणार."

"मग कशाला नुसता गाल खरवडून घ्यायचा?"

कलावती हे ऐकत होती आणि तिच्या मनात एक गोष्ट वर आली होती, जी तिला आत्ता नको होती. लग्नानंतरच्या पहिल्या की दुसऱ्या वर्षी सगळे विठ्ठलवाडीच्या पुढे एका लग्नाला गेले होते. टांगा उल्हासनगरच्या बाजारातून जात होता. दुकानांसमोर सिंधी बायका उभ्या होत्या. आणि सासूने अचानक नंदाच्या तोंडावरून पदर ओढला. लहान मुलावर ओढतात तसा. नंदा तेव्हा दोन पोरांची आई होती. ती हसत पदर बाजूला करायला लागली, तर सासूने तिचा हात दाबून धरला. बाजार संपेपर्यंत सोडला नाही. दृष्ट लागेल, एवढंच बोलली. कलावतीला तेव्हा राग आला होता, कारण तिच्यावर कुणी पदर ओढला नव्हता.

हे सकाळी आठवलं असतं तर ती मांडवात बोलून बसली असती. ती स्वतःला ओळखून होती. आत्ता तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

काउंटरवरच्या सिस्टरने हाक मारली. "सखुबाई गणू, यांच्याबरोबर कोण आहे? सही कोण करणार? पेशंटच्या तुम्ही कोण लागता?"

नंदा सगळ्यांत जवळ होती. ती उठून काउंटरपाशी गेली. तिने पेन हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. सिस्टरने पुन्हा विचारलं. 

"लेक," कलावती बाकावरूनच ओरडली. "थोरली लेक. लिवा. नंदा. आनि सिस्टर, बाईला रातच्याला पांघरून जास्त द्या, तिला थंडी सोसत नाय."

*

देवयानीचं लग्न ठरल्या मुहूर्ताला लागलं. नंदा अक्षता टाकून त्याच साडीत रुग्णालयात परत आली. कुणी तिला जेवून जा म्हणालं नाही, कारण कलावतीने डबा भरून ठेवला होता आणि तो घेऊन ती स्वतःच रिक्षात बसली होती.

सोडियम एकशे वीसपर्यंत आलं, मग एकशे सत्तावीस. एकशे वीसला सखुबाई मास्क लावलेल्या सिस्टरला म्हणाली, "कोरोना अजून हाय काय?" एकशे सत्तावीसला तिने हिराजीला नावाने ओळखलं आणि दाढी का केली नाही म्हणून झापलं. बाळारामला तिने काहीच सांगितलं नाही. तो दोन्ही दिवस तिच्या समोरच्या स्टुलावर बसून होता. कॅम्पाचं नाव कुणी काढलं नाही. नंदाने तसं सगळ्यांना बजावलं होतं. सरोज भेटायला आल्या तेव्हा त्यांनी नंदाला एवढंच सांगितलं: "आकडा वर आल्यावर त्या जे बोलतील ते त्यांचं. आत्तापर्यंत जे बोलल्या त्यातलं किती त्यांचं, ते मी नाही सांगू शकत. कुणीच नाही."

तिसरी सकाळ उजाडली तेव्हा सिस्टर रक्त घेऊन गेली होती. सखुबाई उशीला टेकून बसली होती. कलावती चमच्याने पेज भरवत होती.

"आज पेजेला चव हाय," सखुबाई म्हणाली.

"मीठ हाय ना. तुमचं आता सगलं माफ."

"देवयानीचं लगीन झालं?"

"झालं."

"पावनं जेवून गेलं बराबर?"

"गेलं. कोपरीच्या बायांनी अकरा नारल मोजून घेतलं, आनि विचारलं बारावा कुठं."

सखुबाई हसली. तिला दात नव्हते, हसताना सगळा चेहरा आत जायचा. नंदा ते बघत होती. हा चेहरा तिला आपल्या चेहऱ्यासारखा कधी वाटला होता का? तिला आठवत नव्हतं. आईच्या चेहऱ्याकडे असं कुणी बघतच नाही.

तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. बाळाराम उठून उभा राहिला. हिराजी खिडकीकडे वळला. समृद्धीला वाटलं आपण बाहेर जावं, पण ती भिंतीला टेकून थांबली.

"आये," नंदा म्हणाली. "मी कोणाची?"

सखुबाईने पेजेचा चमचा हाताने बाजूला केला. "कोन काय बोल्लं तुला?"

"तूच बोललीस."

"मी? कवा?"

"हळदीला. बोट इथं धरलंस आणि बोललीस, ही कॅम्पातल्या बाईची."

"सगल्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

सखुबाईने एकेकाकडे बघितलं. बाळारामकडे, हिराजीच्या पाठीकडे, कलावतीकडे, पणतीकडे. मग स्वतःच्या हातातल्या सुईकडे.

"तुमी सगले भायर जा," ती म्हणाली. आणि मग, "नाय. ऱ्हावा. ऐकलंच हाय तुमी."

ती नंदाकडे वळली.

"माजी पोर गेल्ती. जल्मली आनि गेली. दूध सुकत नवतं. सासू बोल्ली घरात बसून रडू नको, सुकट इकून ये. गेले कॅम्पात. लुगडं पुढनं भिजलेलं. एका बाईनं बघितलं. तिच्याजवल तू. तिला दूध नवतं. ती काय बोल्ली नाय. तुला माज्या मांडीवर ठेवलं."

"आणि तू?"

"मी काय? पाजली. रोज जायाची मग. सुकट संपली तरी जायाची, रिकामी टोपली डोक्यावर घेऊन. नायतर सासू इचारंल कुठं चाल्ली." ती थांबली. कलावतीने पाण्याचा पेला पुढे केला, मग समृद्धीकडे बघून मागे घेतला. "मग तिला ताप चढला. त्या बराकीत सगल्यांनाच चढलेला. तिनं हातानं सांगितलं, घेऊन जा, उद्या आन. मी दुसऱ्या दिवशी आनलं तुला. दार नवतं बराकीला, गोनपाट टांगलेलं. उचललं. आत दुसरी मानसं बसलेली. त्यांना इचारलं. त्यांना माजं कलंना, मना त्यांचं कलंना."

"ती मेली?"

"मना माहीत नाय."

"नाव काय होतं तिचं?"

"इचारलं नाय कवा."

हिराजी खिडकीपासून वळला होता. बाळारामने तोंडावर टोपी धरली होती.

"बाबांना माहीत होतं?" नंदाने विचारलं.

"त्यांनीच बोल्लं, आगर बंद हाय, गावात कोन नाय, आपली गेली त्ये कोनाला सांगू नको. ही तीच हाय बोलायचं."

"मग तू परत शोधायला गेलीस तिला?"

"गेले. तुला घेऊन गेले. दोनदा, तीनदा. चार बराकी बघितल्या."

"मग?"

"मग नाय गेले."

"का?"

सखुबाईने नंदाचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"ती भेटंल म्हनून."

नंदाने हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने दार ढकलून सिस्टर आत आली, तिने सकाळचा रिपोर्ट पलंगाच्या पायथ्याच्या फाइलला लावला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. समृद्धीने वाकून तो वाचला.

सोडियम: एकशे छत्तीस मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर.